नारळाचा मांझार ताटात उलटला की पसरतो, काय चुकते?

संत्राबाग_वरूड:
ब्राझीलमध्ये नाताळात करतात तो मांझार, म्हणजे नारळाच्या दुधाचं साच्यात धरवलेलं थंड पुडिंग. अर्धा लिटर दूध, एका नारळाचं दूध, गिरणीतून दळून आणलेलं मक्याचं पीठ पाच चमचे, साखर अर्धी वाटी. रात्रभर फ्रिजात ठेवूनही उलटला की पसरतो, जिभेवर कचकच लागते, वर पांढरा कडक थर येतो. शिवाय वरून ओतायच्या पाकातले सुके आलुबुखारे आठवडी बाजारात नाहीत. काय घालावं?

चुलीवरची_चव:
पीठच चुकलं. गिरणीचं पीठ म्हणजे अख्खा दाणा, कोंड्यासकट. ते कितीही शिजवा, कचकचणारच. पाहिजे ते किराण्यातलं पांढरं कॉर्नफ्लॉवर, बोटात दाबलं की करकरणारं. तिकडे त्याला माइझेना म्हणतात.

५०० मिली दूध आणि २०० मिली नारळाचं दूध असेल तर कॉर्नफ्लॉवर ५० ग्रॅम, म्हणजे सपाट सहा मोठे चमचे. साखर ८० ग्रॅम. सगळं थंड असतानाच कालवा, गरम दुधात टाकलं की गुठळ्या झाल्याच समजा. जाड बुडाचा गंज घ्या. पातळ जर्मनच्या गंजात बूड लागते अन् करपट वास सगळीकडे पसरतो. मध्यम आचेवर लाकडी चमच्याने बुडापासून हलवत राहा.

घट्ट झालं म्हणून लगेच उतरवू नका, बहुतेकांचं इथंच फसते. पहिला बुडबुडा फुटल्यावर आणखी तीन-चार मिनिटं रटरटू द्या, नाहीतर स्टार्च अर्धकच्चा राहतो आणि मांझार धरत नाही. साचा पाण्याने ओला करून त्यात ओता, तूप नको. एकदा ओतला की हलवायचा नाही, धरत आलेली घडण मोडली तर परत जुळत नाही. चार तास फ्रिजात. काढताना कडा बोटाने हलकेच सोडवा.

खोबरेल:
कडक थर म्हणजे नारळाची चरबी, साधारण २४ अंशाखाली ती गोठते. नारळाचं दूध आधीच फाटलेलं असणार. एका नारळाच्या खोवलेल्या खोबऱ्यात एक वाटी गरम पाणी, उकळतं नव्हे, घालून मिक्सरमधून काढा आणि फडक्यातून पिळा. लगेच वापरा. नारळ घेताना कानाशी हलवून पाहा, पाणी वाजत नसेल तर ठेवून द्या. सुक्या खोबऱ्याच्या वाटीचं दूध करू नका, तेल सुटते अन् खवट वास उरतो.

मोहफूल:
पाकासाठी १०० ग्रॅम साखर कोरडीच वितळवून मधाच्या रंगाची करा, आच बंद करून २०० मिली गरम पाणी हात लांब ठेवून ओता. साखर दगडासारखी होईल, घाबरू नका, उकळली की विरघळते. आलुबुखाऱ्याऐवजी बी काढलेले काळे खजूर, दहा-बारा, दहा मिनिटं शिजवा. आंबटपणासाठी अर्ध्या लिंबाचा रस शेवटी. मोहफुलं घालायचा मोह होईल, पण त्याच्या वासापुढे नारळ लागतच नाही.

संत्राबाग_वरूड:
अन् लाइन गेली तर?

चुलीवरची_चव:
डिसेंबरात साचा झाकून रात्रभर पाण्याच्या परातीत ठेवा, थंडीनेच धरते. मे महिन्यात करूच नका.