जुन्या कपड्यांचं नवं काय केलंत? अनुभव लिहा

बोहारीण आता दारावर येत नाही, आणि आली तरी आईची इरकल एका स्टीलच्या पातेल्यावर द्यायला माझा तरी हात धजणार नाही. तर ज्यांनी जुन्या साड्या, शर्ट, जीन्स, टाय वगैरेचं मिरवता येईल असं काही केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा. पिशव्या आणि पायपुसणी नकोत, ती सगळ्यांच्याच घरात आहेत. काय कापलं, अस्तर कुठलं लावलं, टेलरने किती छळलं, सगळं येऊ द्या.

*

मी पहिली! आजीच्या नऊवारी इरकलीचा अनारकली शिवला. नऊवारी म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड, त्यामुळे ऐसपैस होतं. आधी साडी खिडकीत उजेडासमोर धरून बघितली, विरलेला भाग होता तो फक्त बसण्याच्या आणि कासोट्याच्या जागचा, बाकी कापड अजून टणक. तेवढा भाग टाकला, काठ घेराला घेतले आणि लालपांढरा टोपपदर पाठीवर पूर्ण दिसेल असा बसवला. अस्तर मलमलचं, पण ते आधी धुऊन आटवून घ्या हं, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि वरची इरकल फुगे आल्यासारखी दिसते.

*

पैठणीवाल्यांनी जरा सांभाळून. रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलं की घडीवरच चिरतं. सासूबाईंची पैठणी उलगडली तर अंगाचं कापड नुसतं हात लावला तरी फाटत होतं, पदर आणि काठ मात्र ठणठणीत. टेलरने हात वर केले, म्हणे ताई ह्याला मशीन लावलं तर सुई जिथं जाईल तिथं भोक पडेल. मग मीच पदराला मागून फ्युजिंग, म्हणजे चिकट अस्तर, इस्त्रीने चिकटवलं, कात्री त्यानंतर लावली, आणि नवीन रॉ सिल्कच्या बिनबाह्यांच्या जॅकेटवर पदर हातशिलाईने बसवला. टाके बारीक घालायचे आणि दोरा सिल्कचाच. मोर पाठीवर आलेत, लग्नात लोक मागून हाक मारून विचारतात कुठून घेतलं!

(काठ विकू नका असं सगळे सांगतात, पण खरी जर असेल आणि कापड पार गेलं असेल तर जरीतल्या चांदीचे पैसे देणारे असतात. मला त्यात काही पाप वाटत नाही.)

*

बुवा लोकांनी लिहिलेलं चालतं का? शर्टाची कॉलर घासून जाते तेव्हा बाकीचा शर्ट चांगला असतो. आमच्या वडिलांच्या वेळी टेलर कॉलर उसवून उलटी करून परत लावून द्यायचा, आता सांगितलं तर तो आपल्याकडे दयेने बघतो. मी सोपं करतो, कॉलरचं वरचं पान उसवून काढून टाकतो, खालची पट्टी राहू देतो आणि तिची उघडी कड आत दुमडून शिवतो. झाला स्टँड कॉलरचा शर्ट! लांब बाह्या कोपराशी विरल्या असतील तर कापून हाफ करायच्या. ऑफिसात कुणाला पत्ता लागत नाही.

*

खणाबद्दल कुणीच नाही? जुना खण पन्ह्याला लहान, ३०-३१ इंच, त्यामुळे मोठा ड्रेस त्यात बसवायला गेलं की जोड द्यावेच लागतात. मी आईची तीन पोलकी उसवली. जुन्या शिंप्यांनी शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, इतकी सोडलेली असायची की आतून न विटलेला गडद रंग निघाला, अंजिरी! त्याचे तुकडे मुलीच्या डेनिम जॅकेटच्या पाठीवर आणि खिशांवर लावले. ती आता ते जॅकेट धुवायलाही देत नाही, हा वेगळाच वैताग.

*

इंग्लंडातून लिहितेय. इथल्या चॅरिटी शॉपमध्ये सिल्कचे टाय अगदी कमी पैशांत मिळतात. टाय मुळातच उरेब, म्हणजे तिरका, कापलेला असतो, त्यामुळे उसवून इस्त्री केली की गळ्याच्या पायपिंगला यासारखं कापड नाही, वळणावर चुणी पडत नाही. साध्या काळ्या ब्लाउजला लावून बघा. शेजारच्या आजी टाय उसवायला हौसेने येतात, त्यांचं लहानपण रेशनमधलं, इथे कपड्यांवर १९४१ ते १९४९ कूपनं होती, त्यामुळे एकही चिंधी टाकू देत नाहीत.

*

टायची आयड्या भारी! नवऱ्याचे लग्नातले टाय आजच बाहेर काढते, त्याला सांगणार नाही.

इरकलवाल्या ताई, घेराला काठ लावलात तेव्हा वळणावर काठ सरळ कसा बसला? माझा दरवेळी पिळतो.

*

गोल घेर कापलाच नाही हो, कळ्याही नाहीत. सरळ कापडाच्या कमरेला चुण्या घातल्या, म्हणजे काठ खाली आपोआप सरळ राहतो. गोल कापलंत तर पिळणारच.