मदत हवी आहे: रोजच्या सोबत्यांशी तब्येतीचं बोलायला सुरुवात कशी करू?

नमस्कार मंडळी. वय ५२, राहायला निगडी, चिंचवडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करतो. इथे बरीच वर्षं वाचतोय, लिहायची पहिलीच वेळ. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आम्ही सहाजण गेली अकरा वर्षं रोज पहाटे दुर्गा टेकडीवर फिरायला जातो. साडेपाचला खाली जमायचं, वर जाऊन यायचं, सात वाजता टपरीवर चहा. मुलांच्या ॲडमिशन, फ्लॅटचे भाव, दिवसाआड येणारं पाणी, पीएफ, क्रिकेट, राजकारण, सगळ्यावर बोलतो. तब्येतीचा विषय निघाला तर "काय म्हणता?" "मजेत!" एवढ्यावर संपतो.

फेब्रुवारीत आमचे अण्णा गेले. ५६ वर्षांचे. पहाटे घाम फुटला, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आम्ही भेटायला गेलो तेव्हा वहिनींनी एकच विचारलं, "तुम्ही रोज बरोबर असायचात, तुम्हाला तरी काही बोलले होते का?" स्कूटरच्या डिकीत त्यांना ॲसिडिटीच्या गोळ्यांची पिशवीभर रिकामी पाकिटं सापडली होती. आम्हा पाचजणांपैकी कुणाकडे उत्तर नव्हतं.

चढाला एक वळण आहे, तिथे बाक आहे. दिवाळीनंतर अण्णा रोज त्या वळणावर वाकून बुटाची नाडी बांधायचे. रोज तिथेच. आम्ही म्हणायचो, अण्णा, बूट बदला आता. त्या दिवशी त्यांच्या दारातल्या स्टँडवर ते बूट दिसले. दोन्ही नाड्यांना दुहेरी गाठ मारलेली, घट्ट. ती नाडी कधी सुटतच नव्हती. माणूस दम खायला थांबत होता आणि आम्ही पुढे जाऊन गप्पा मारत उभे राहत होतो. तीन महिने झाले, ती गाठ डोळ्यांपुढून जात नाही.

आता माझं. एप्रिलमध्ये कंपनीच्या तपासणीत एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.४ आली, बीपी १५०/९६. गोळ्या सुरू झाल्या. बायकोला साखरेचं माहीत आहे. ग्रुपमध्ये कुणाला काही माहीत नाही. आणि गेल्या महिन्यापासून त्याच वळणावर मी थांबतो. मी फोन काढतो, मेसेज आल्यासारखा बघतो. दुखत नाही, फक्त छाती भरून आल्यासारखी होते, दोन मिनिटांत जाते.

आणखी एक आहे, जे कुणालाच सांगितलेलं नाही. साधारण वर्षभर शरीरसंबंध जमत नाही. इच्छा असते, शरीर साथ देत नाही. बायकोला काय सांगावं कळत नाही, म्हणून ती झोपेपर्यंत हॉलमध्ये टीव्ही लावून बसतो. दिवसा चिडचिड होते, मुलावर विनाकारण ओरडतो आणि मग स्वतःचाच राग येतो.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली, आम्ही पाचजण राहिलोय. अण्णांसारखं पुन्हा होऊ नये म्हणून आपापसात खरं बोलायला लागायचं तर सुरुवात कशी करायची? एकदम विषय काढला की सगळे हसण्यावारी नेतील अशी भीती वाटते. दुसरी, ती वर्षभराची गोष्ट नेमकी कुठल्या डॉक्टरला सांगायची?

– निगडीकर५२

प्रतिसाद: जुना सायकलस्वार

दादा, दोन्ही प्रश्न थोडे बाजूला ठेवा. आधी तुमच्या छातीचं बघू.

मी ५८, चार वर्षांपूर्वी दोन स्टेंट पडले. मलाही दुखलं नव्हतं. जिना चढताना दम लागायचा आणि जबडा जड व्हायचा. मी दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो. मधुमेहात नसांवर परिणाम होतो, त्यामुळे छातीत कळ यायला हवी तिथे नुसता दम लागतो, घाम येतो, जीव घाबरा होतो. चढावर त्रास आणि थांबलं की आराम, हे लक्षण हृदयाचं असू शकतं. आणि बसल्या जागी काढलेला ईसीजी चांगला आला म्हणून सुटलो असं समजू नका. माझा चांगलाच आला होता. पुढची कुठली तपासणी करायची, टूडी एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, ट्रेडमिलवर चालवून करतात ती टीएमटी की आणखी काही, ते हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. उद्याच जा, रविवारची वाट बघू नका. आणि बसल्या जागी त्रास झाला किंवा थांबल्यावरही गेला नाही, तर स्वतः गाडी चालवत निघू नका, १०८ ला फोन करा.

तपासणी होईपर्यंत टेकडी चढणं बंद.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला यातच दिसतंय. उद्या पहाटे नेहमीच्या जागी जा, आणि सगळे चढायला लागले की सांगा, मी आज वर येत नाही. का, असं विचारतीलच. तेव्हा खरं कारण सांगा. वेगळा विषय काढायची गरजच पडणार नाही.

प्रतिसाद: गोदाकाठ

वरच्या प्रतिसादाशी शंभर टक्के सहमत. मी स्वतः डॉक्टर आहे, नाशिकला जनरल प्रॅक्टिस करतो. दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण याच प्रश्नावर माणसं माझ्या केबिनच्या दारापर्यंत येऊन परत जातात. बहुतेकजण खोकल्याचं किंवा गुडघ्याचं दाखवतात, प्रिस्क्रिप्शन घेऊन उठतात आणि दाराच्या कडीला हात लावल्यावर वळून म्हणतात, "डॉक्टर, अजून एक होतं."

ही गोष्ट साखरेच्या आणि हृदयाच्या डॉक्टरला सांगायची. दोघांनाही. लिंगात रक्त नेणाऱ्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात. चरबी आणि साखरेमुळे रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडायला लागलं की त्याचा परिणाम आधी तिथे दिसतो, कधीकधी हृदयाचा त्रास कळायच्या दोन-तीन वर्षं आधी. म्हणून तुमच्या बाबतीत हे वर्षभराचं लक्षण आणि चढावरचा दम एकाच आजाराचे असू शकतात. डॉक्टरसाठी ही महत्त्वाची माहिती आहे, ती लपवली तर निदान अर्धवट राहतं. बीपीच्या काही गोळ्यांनी, कमी टेस्टोस्टेरॉनने किंवा मनावरच्या ताणानेही हे होतं, तेही तपासता येतं. गरज पडली तर पुढे युरॉलॉजिस्टकडे पाठवतील.

एक कळकळीची विनंती. मेडिकलमधून "त्या" गोळ्या आपल्या मनाने आणू नका. छातीत दुखल्यावर जिभेखाली जी सॉर्बिट्रेटची गोळी देतात, तिच्याबरोबर सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिल, म्हणजे याच "त्या" गोळ्यांतलं औषध, पोटात असेल तर रक्तदाब एकदम कोसळतो. जीव जाऊ शकतो. आणि इमर्जन्सीत आलेला माणूस बायकोमुलांसमोर हे सांगत नाही, हा माझा अनुभव आहे. ज्यांनी कुणी हे वाचलं त्यांनीही लक्षात ठेवा: अशी गोळी घेतली असेल तर ती डॉक्टरला सांगायचीच.

साखर ८.४ आहे तर डोळ्यांचा पडदा, लघवीतलं प्रोटीन आणि पायांच्या संवेदना एकदा तपासून घ्या.

प्रतिसाद: आजरा घनसाळ

मी बाई आहे, इथे बोलू का असा विचार करत होते, पण राहवलं नाही.

आमच्या ह्यांनी असंच केलं होतं. रात्री बारा-बारापर्यंत हॉलमध्ये. मी दोन वर्षं वेगवेगळे अर्थ लावत बसले. कधी वाटलं दुसरं कोणी आहे, कधी वाटलं माझी पाळी गेल्यापासून मी नकोशी झाले. ह्यांना वाटत होतं आपण मला त्रासापासून वाचवतोय. दादा, वहिनींना सांगा. मोठं भाषण नको, "मला जमत नाहीये, डॉक्टरकडे जाणार आहे, तुझ्यात काही कमी नाही" एवढी तीन वाक्यं पुरतात. तिसरं वाक्य विसरू नका.

प्रतिसाद: तळेगाव लोकल

सगळ्यांचं पटतंय, पण ग्रुपच्या बाबतीत थोडा सावध सल्ला देतो. आमच्या ऑफिसात एकाने उत्साहाने "आपण सगळे मोकळेपणाने बोलू या" म्हणून चहाच्या सुट्टीत सगळ्यांना गोल बसवलं. कुणी तोंड उघडलं नाही, आणि नंतर दोघे चहालाच यायचे बंद झाले. आपल्या पिढीला समोरासमोर बसवून मन उघडा म्हटलं की आपण आणखी मिटून घेतो. चालताना, गाडीवर मागे बसून, गच्चीवर टाकी साफ करताना, असं एकमेकांकडे न बघता बोलणं जमतं. तुमच्याकडे चालणं आहेच, तेच वापरा. दुसऱ्याला विचारू नका, स्वतःचं सांगा आणि गप्प राहा.

चिडचिडीचंही हलक्यावर घेऊ नका. पुरुषांमध्ये नैराश्य पुष्कळदा रडण्यातून दिसत नाही, रागातून दिसतं, दारूतून दिसतं, झोप उडण्यातून दिसतं. माझा चुलतभाऊ आम्हाला फक्त "तापट झालाय" असा वाटत होता. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यात दहापैकी सात पुरुष होते. माझा भाऊ त्यातला एक. म्हणून लिहितोय. सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६ हा नंबर, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. मी स्वतः दोनदा फोन केला आहे. डॉक्टरकडे जायची मनाची तयारी होत नसेल तर निदान तिथे बोला.

निगडीकर५२

सगळ्यांचे मनापासून आभार. तळेगावकर, तुमच्या भावाबद्दल वाचून काय लिहावं सुचत नाही. इथे तुम्ही ते लिहिलंत, त्यासाठी तर फार आभार.

काय झालं ते सांगतो.

धाग्यावरचे प्रतिसाद वाचले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे खाली जमलो. बापू आणि बाकीचे चढायला लागले, मी म्हणालो, "मी आज वर येत नाही." बापूंनी विचारलं, "का रे, रात्रपाळी होती का?" तेवढ्यात हो म्हणून सुटता आलं असतं, शब्द तोंडाशी आला होता. पण म्हणालो, "अण्णा थांबायचे त्या वळणावर मला दम लागतो. महिना झाला. मी फोन बघायचं नाटक करतो."

कुणी हसलं नाही. बराच वेळ कुणी काहीच बोललं नाही. बँकेतले आमचे मित्र म्हणाले, आज पाणी यायचा दिवस आहे, लवकर जायला हवं, आणि निघून गेले. सर, म्हणजे आमच्यातले सगळ्यात मोठे, एकटेच चढून गेले. दोघे खाली राहिले. आम्ही सपाटीवरच हळूहळू चाललो. दोन फेऱ्या झाल्यावर बापू समोर बघतच म्हणाले, "मला चार वर्षं शुगर आहे. बिनसाखरेचा मागितला की तुम्ही विचाराल म्हणून रोज तुमच्याबरोबर गोड चहा प्यायलो." अकरा वर्षांत पहिल्यांदा मी बापूंच्या खांद्यावर हात ठेवला. टपरीवर त्यांनी "दोन बिनसाखर" सांगितलं, तेव्हा चहावाल्याने दोनदा विचारून घेतलं.

त्याच दुपारी अर्धी सुट्टी टाकून हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो. गोदाकाठ, तुमचं वाक्य डोक्यात होतं, म्हणून बसल्याबसल्याच ती गोष्ट पहिली सांगितली. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, त्यांनी फक्त लिहून घेतलं आणि विचारलं, "कधीपासून?" इतका वेळ कशाला घाबरत होतो कोण जाणे. ईसीजी ठीक आहे, एकोही बरा आहे, गुरुवारी टीएमटी आहे. तोपर्यंत चढ बंद, जड उचलायचं नाही, एक गोळी वाढवली आहे.

आजरा घनसाळ, ताई, रात्री टीव्ही न लावता आत गेलो आणि तुमची तीन वाक्यं तशीच्या तशी म्हणालो. ही उठली, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली. परत येऊन म्हणाली, "मी केस रंगवणं बंद केलं म्हणून असेल असं मला वाटत होतं." मग आम्ही पहाटे चारपर्यंत बोलत होतो. गुरुवारी ती येते आहे. बापूही येतो म्हणालेत.

आता एकच अडलंय. सर त्या दिवसापासून फिरायला आले नाहीत, आज चौथा दिवस. फोन उचलतात, "जरा काम आहे" म्हणतात. वय ६१, एकटेच राहतात, मुलगी बंगळुरूला. तळेगावकर म्हणतात तसं मी काही विचारलेलं नाही. घरी जाऊ का, की थोडे दिवस जाऊ देऊ?

प्रतिसाद: जुना सायकलस्वार

आजच जा. काही विचारू नका, बापूंना बरोबर घ्या आणि गुरुवारी टीएमटीला सोबत येता का म्हणून सांगायला आलो म्हणा. त्यांना तुमच्यासाठी यायला सोपं जाईल.

निगडीकर५२

निघतोय. रात्री येऊन लिहितो.