घरी स्कॅन करायचंय, कलर निगेटिव्ह कुठली घेऊ?

रीळवाला: जुना ३५ एमएम कॅमेरा हाताशी आहे, रोल लॅबमधून नुसता डेव्हलप करून घेणार आणि स्कॅन घरी फ्लॅटबेडवर (सपाट काचेच्या स्कॅनरवर). फोटो माणसांचेच जास्त, अधूनमधून डोंगर-झाडं. कोडॅकची एक्टार १०० फिल्म घ्यायचं डोक्यात आहे कारण ग्रेन (फोटोत दिसणारे दाणे) एकदम बारीक, पण जो तो कोडॅकचीच पोर्ट्रा ४०० घे म्हणतोय. नक्की काय करू?

उलटारंग: फ्लॅटबेड म्हणजे ग्रेनचं टेन्शन सोडाच, त्याचं खरं रिझोल्यूशन खोक्यावर छापलेल्या आकड्यापेक्षा बरंच कमी असतं, एक्टारचा बारीकपणा तिथे दिसणारच नाही. शिवाय एक्टारचे रंग भडक, कॉन्ट्रास्ट जास्त, चेहरे लालसर येतात आणि एक्सपोजर जरा कमी पडलं की सावल्यांत निळी झाक, ती काढता काढता नाकी नऊ येतात. डोंगरांना मस्त आहे, नाही असं नाही. पण माणसं असतील तर पोर्ट्राच.

फुलमॅन्युअल: पोर्ट्रा चांगलीच आहे हो, पण महाग. शिकताना रोल वाया जाणारच, गोल्ड २०० ने सुरुवात करा की! जरा पिवळट-उबदार येते, उन्हात छान दिसते. फिल्म कुठलीही घ्या, प्रकाश कमी पडू देऊ नका. निगेटिव्हला एखाद-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त चालतो, कमी अजिबात चालत नाही, सावल्यांत काही उमटलंच नसेल तर स्कॅनर तरी कुठून आणणार, नुसता चिखल येतो. मी ४०० ची फिल्म प्रकाश मोजणाऱ्या मीटरवर २०० लावूनच वापरतो, म्हणजे तिला एक स्टॉप जास्त मिळतो.

रीळवाला: पण पोर्ट्राचे स्कॅन फिके येतात म्हणे?

उलटारंग: फिकेच हवेत ना! कॉन्ट्रास्ट नंतर वाढवता येतो, स्कॅनरने उडवलेले हायलाइट (उजळ भाग) परत येत नाहीत. ऑटो करेक्शन बंद ठेवा, १६ बिट टिफमध्ये काढा आणि दोन फ्रेममधल्या कोऱ्या पट्टीवरून नारंगी मास्कचा (कलर निगेटिव्हला मुळातच असलेल्या नारंगी झाकेचा) रंग सॉफ्टवेअरला दाखवा, अर्धी भानगड तिथेच मिटते. स्कॅनरमध्ये इन्फ्रारेडवालं डस्ट रिमूव्हल असेल तर चालू करा, सी-४१ च्या (कलर निगेटिव्ह डेव्हलप करायच्या नेहमीच्या पद्धतीच्या) फिल्मवर नीट चालतं, साध्या ब्लॅक अँड व्हाइटवर मात्र नाही, तिथे फिल्मवरची चांदी इन्फ्रारेडच्या आड येते.

रीळवाला: ओके, मग आधी गोल्ड. आणि रात्रीच्या दिव्यांसाठी सिनेस्टिल ८००टी?

फुलमॅन्युअल: ती टंगस्टनची (पिवळ्या बल्बच्या प्रकाशासाठीची) फिल्म, दिव्यांभोवती लाल वलय येतं. आवडत असेल तर घ्या, मला नाही आवडत.