ऊन, धूळ आणि आपली त्वचा: तुमचे अनुभव लिहा

मार्च लागला की विचारणा सुरू होते, सनस्क्रीन एसपीएफ ३० चं घेऊ की ५० चं (एसपीएफ म्हणजे ऊन किती अडवतं त्याचा आकडा). ३० वालं साधारण ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे उन्हातले त्वचा भाजणारे किरण, अडवतं आणि ५० वालं ९८, त्यामुळे किती लावलं आणि परत कधी लावलं यानंच जास्त फरक पडतो. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं क्रीम लागतं, बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. आता हे दिवसभर शेतात नाहीतर रस्त्यावर असणाऱ्या किती जणांना परवडणार? म्हणून हा धागा काढलाय. कुठे राहता, काम काय, त्रास कशाचा झाला आणि कशानं कमी झाला ते लिहा. गोरं होण्याचे उपाय कृपया नकोत, सावळ्या रंगात दुरुस्त करण्यासारखं काही नसतं.

माझ्यापासून सुरुवात करते. पुण्यात रोज टू व्हीलर, सनकोट आणि स्कार्फ. स्कार्फ घेताना उजेडासमोर धरून बघते, आरपार दिसत असेल तर ऊनही आरपार जाणार, त्यामुळे गडद आणि घट्ट विणीचा सुतीच घेते. आणि तो रोज धुवायचा, कारण धूर, धूळ, घाम सगळं त्यातच बसतं आणि जबड्याच्या कडेनं पुटकुळ्या येतात.

एसटीवाल्यांची लेक
माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. त्यांचे दोन हात शेजारी ठेवले तर दोन वेगळ्या माणसांचे वाटतात, उजवा हात, उजवा गाल, कान सगळं रापलेलं आणि सुरकुत्याही त्याच बाजूला जास्त. स्किनच्या डॉक्टरांनी सांगितलं की खिडकीची साधी काच यूव्हीबी बरंच अडवते म्हणून आत बसून भाजत नाही, पण यूव्हीए बऱ्यापैकी आत येतं आणि सुरकुत्या, डाग यात त्याचा हात मोठा. म्हणून ट्यूबवर एसपीएफबरोबर पीए आणि पुढच्या अधिकच्या खुणा बघायच्या, त्यावरून यूव्हीए किती अडवतं ते कळतं. भाऊ आता स्कूल व्हॅन चालवतो, त्याला मी बाह्या घेऊन दिल्यात आणि तो वापरतो. मी स्वतः सकाळच्या बसनं उत्तरेकडे जाते तेव्हा डावीकडची सीट पकडते, ऊन उजवीकडून येतं.

काळी माती
लातूरकडचा आहे, जरा मोठं लिहितोय. आमच्या काकांना पन्नाशीनंतर पापण्या, मान, कोपराची आतली बाजू इथं खाज सुटायला लागली, कातडी जाड आणि काळी पडली, उन्हात गेले की नुसती आग. सगळे म्हणायचे उन्हाची ॲलर्जी. टोपी, उपरणं सगळं झालं पण पावसाळ्यात आभाळ भरलेलं असतानाही वाढायचंच, मग जिल्ह्याच्या ठिकाणी पाठीवर पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट केली आणि निघालं काँग्रेस गवत, म्हणजे आपलं गाजरगवत. १९५०च्या दशकात पुण्यात याची पहिल्यांदा नोंद झाली आणि आज बांध, रस्ता, पडीक जमीन कुठं नाही सांगा. त्यात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं, ॲलर्जी त्याची. गवताला हात लावायचीसुद्धा गरज नाही, वाळलं की त्याचा भुगा वाऱ्यावर उडतो आणि उघड्या अंगावर बसतो, घडीघडीत अडकतो. काही जणांना पुढे खरोखरच उन्हाचाही त्रास जडतो, काकांना जडलाय.

आता घराजवळचं गवत फुलोऱ्यात यायच्या आधीच हातमोजे घालून मुळासकट उपटतो, पण ते काम काकांना करू देत नाही. शेतातून आले की आधी आंघोळ, आणि कपडे बांधावर वाळत घालायचे नाहीत. मेक्सिकन भुंगेही सोडलेत, पावसाळ्यात पानं बऱ्यापैकी खातात. बायकांनी साडीवर पुरुषाचा फुल बाह्यांचा शर्ट घालून खुरपायची जी पद्धत आहे ना, ती उन्हाला आणि या गवताला दोन्हीला चांगली, माझी आई तर त्याशिवाय रानात उतरतच नाही.

मेलबर्नकर
इथे शाळेत टोपी नसेल तर पोरांना मैदानात सोडत नाहीत, सावलीतच थांबावं लागतं. १९८१ पासून शर्ट घाला, क्रीम लावा, टोपी घाला अशी मोहीम चालू आहे. इथे येऊन एक कळलं की गरम होतंय का हे बघून उपयोग नाही, यूव्ही इंडेक्स, म्हणजे उन्हातले हे किरण किती तीव्र आहेत त्याचा आकडा, बघायचा, हवा गार असली तरी तो ११ असू शकतो. ३ किंवा जास्त असला की अंग झाकायचं. मोबाइलच्या हवामान ॲपमध्ये दिसतो, तिकडे एप्रिल-मेच्या दुपारी बघा किती दाखवतो ते.

डोंगरवेडी
हिमालयात बर्फावर चालणार असाल तर हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेला पण सनस्क्रीन लावा. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत यूव्ही वर फेकतो, टोपी तिथे काय करणार. आमच्या ग्रुपमधल्या एकीचं नाक आतून सोललं होतं.

ताईची धाकटी
पोटतिडकीनं लिहितेय. ताईला वांग होते, पार्लरवाल्या बाईंनी एक ट्यूब दिली. सुरुवातीला चेहरा इतका छान झाला की शेजारणींनीही ट्यूबचं नाव विचारून घेतलं. मग गाल लाल, बारीक लव, पुरळ, आणि लावायची थांबवली की उन्हात काय, गॅससमोर पण उभं राहवेना. डॉक्टरांनी ट्यूब वाचली, मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. यातलं पहिलं स्टेरॉइड आहे, त्यानं चेहऱ्याची त्वचा पातळ होते. बीटामेथासोन, क्लोबेटासोल ही पण त्याच घरातली नावं. २०१८ पासून असली स्टेरॉइड क्रीमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे तरी मिळतात. ताई बरी व्हायला कित्येक महिने गेले. आता तिला आयर्न ऑक्साइडवालं रंगीत सनस्क्रीन दिलंय, कारण वांग नुसत्या उजेडानंही गडद होतात आणि पांढरं क्रीम तो उजेड फारसा अडवत नाही. कुणाच्या घरात अशी ट्यूब असेल तर आज मागे उलटून नाव वाचा, आणि एकदम बंद करू नका, स्किनच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.

भिरंडेल
आमच्याकडे सिंधुदुर्गात टाचांच्या भेगांना कोकमाचं तेल, घट्ट गोळा असतो, जरा ऊब दिली की विरघळतं, पाय धुऊन पुसून रात्री भेगांत भरायचं. लावणीच्या दिवसात मात्र चिखल्या झाल्या असतील तर बोटांच्या बेचक्यात तेल घालू नका, तिथे कोरडं ठेवणंच बरं. @काळी माती, काकांना आता उन्हासाठी कुठलं सनस्क्रीन चालतं? माझ्या सासऱ्यांच्या पापण्या अशाच सुजतात आणि आमच्या आवाराबाहेर ते गवत कमरेएवढं आहे, पॅच टेस्टला जायच्या आधी विचारतेय.