सॅम वॉल्टनचं गेलेलं दुकान आणि आपल्या घरची दुकानं: अनुभव लिहा

वॉलमार्ट ही अमेरिकेतली दुकानांची साखळी काढणाऱ्या सॅम वॉल्टनची गोष्ट लोक 1962 पासून, रॉजर्स गावच्या पहिल्या वॉलमार्टपासून सांगतात. तेव्हा तो 44 वर्षांचा होता आणि एक चालतं दुकान आधीच हातचं गेलं होतं. 1945 मध्ये सासऱ्याकडून 20,000 डॉलर उसने घेऊन त्यानं आर्कान्सातल्या न्यूपोर्टला दुकान घेतलं. वर्षाची विक्री 72,000 डॉलर होती, ती पाच वर्षांत अडीच लाखांवर नेली. पण भाडेकरार पाचच वर्षांचा, मुदत वाढवून मिळायचं कलमच नाही. जागामालकाला ते दुकान आपल्या पोरासाठी हवं झालं. 1950 मध्ये वॉल्टन बाहेर! बेंटनव्हिलला गेल्यावर शेजारच्या न्हाव्याची जागा घेतली, ती थेट 99 वर्षांच्या करारानं.

दुसरी गोष्ट वाटणीची. 1953 मध्येच, धंदा लहान असताना, त्यानं घरची भागीदारी केली. चारही लेकरांना 20-20 टक्के, उरलेले नवरा-बायकोचे. धाकटी ॲलिस तेव्हा जेमतेम चार वर्षांची. 1992 मध्ये तो गेला, पण कंपनीचा जवळपास निम्मा हिस्सा आजही घरातच आहे.

मराठवाड्यात दुकानदारीच्या घरात वाढलेल्यांनी जागा आणि वाटणी यावर लिहा. माणसांची, पेढ्यांची नावं नकोत.

उदगीरकर
आजोबांनी जागा घेतली ती निजामाच्या काळात, भाड्याचा कागद उर्दूत. मालकाच्या नातवानं जागा मागितली तेव्हा घरात तो वाचणारं कुणी उरलं नव्हतं. एका रिटायर मास्तरांकडं गेलो. त्यांनी भिंग काढलं, कागद उन्हात धरला आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, ‘इसमें मुद्दत ही नहीं लिखी.’ आम्हाला वाटलं जिंकलो. कोर्टात पोरांची लग्नं होईस्तोवर तारखा चालल्या. शेवटी बाहेरच मिटवलं, निम्मी जागा त्यांची, निम्मी आमची. मधल्या भिंतीमुळं साखरेचं पोतं आता आडवं आत जात नाही, उभं करून सरकवावं लागतं.

मोंढ्यातला, लातूर
वाटणीचं सोपं नाही हो. बाप हयात असताना विषय काढला की ‘माझं मरण चिंतायलास का?’ आणि बाप गेल्यावर भाऊ भावाला विचारतो, ‘गल्ल्यात काल किती होते?’ एवढंच लिहितो.

माहेरवाशीण, परभणी
आम्ही तिघी बहिणी, एक भाऊ. तेरावं झालं की लगेच कागद समोर आला. ‘ताई, सही कर, कर्ज काढायचंय.’ बघते तर हक्कसोडपत्र. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा आपल्या राज्यात 1994 पासून आहे. तेव्हा आधी लग्न झालेल्या वगळल्या होत्या, 2005 मध्ये केंद्राच्या कायद्यानं तीही अट गेली. पण कायदा काही राखीला भावाच्या दारात जात नाही, आपल्याला जावं लागतं. थोरल्या दोघींनी सह्या केल्या, साडी-चोळी घेतली. मी कागद पर्समध्ये घातला, म्हटलं, ‘वाचून सांगते दादा.’ अजून वाचायलेय.
त्या चार वर्षांच्या ॲलिसला कुणी सही मागितली नाही, हे मात्र आवडलं.

जालनेकर
वॉल्टनचं कौतुक पुरे. त्याचं दुकान गावाबाहेर उघडलं की गावातल्या किती दुकानांना कुलूप लागलं, तेही लिहा. आणि तो लांब अमेरिकेत आहे असं समजू नका. 2018 मध्ये वॉलमार्टनं 16 अब्ज डॉलरला फ्लिपकार्टचा 77 टक्के हिस्सा घेतला, त्यात फोनपेही आलं. आमच्या गल्ल्यावरचा डबा दिवसभर पैसे आल्याचं ओरडतो, तो त्यांच्याच घरचा! फक्त उधारी त्यांना जमत नाही. सोयाबीन निघेपर्यंत तेल-मीठ कोण देतं? बारकोडवाला देत नाही. वहीत लिहितो आम्हीच, आणि भाव पडला की ती वही पुढच्या दिवाळीपर्यंत तशीच राहते.

जावईबापू, सेलू
कुणीच लिहिलं नाही म्हणून सांगतो. वॉल्टननंतर थोरला मुलगा रॉब चेअरमन झाला आणि 2015 मध्ये ती खुर्ची रॉबच्या जावयाकडं, ग्रेग पेनरकडं गेली. म्हणजे सुरुवात सासऱ्याच्या पैशानं, आणि आता गादीवर जावई. मला हे वाचून बरं वाटलं, कारण मी सासऱ्यांचं कापडदुकान चालवतो. पाटीवर त्यांचं नाव, गाव म्हणतं ‘जावईबापूंचं दुकान’. मेव्हणा पुण्यात कंपनीत आहे. लक्ष्मीपूजनाला येतो, नव्या वहीला हळद-कुंकू तोच वाहतो, प्रसाद खाता खाता विचारतो, ‘भाऊजी, औंदा कसं काय?’ मी म्हणतो, बरं आहे.
जागा अजून सासऱ्यांच्याच नावावर. ते स्वतःहून बक्षीसपत्र करतो म्हणायलेत, पण मेव्हण्याला न सांगता. जावयाच्या नावानं केलं तर मुद्रांक शुल्क जास्त बसतं का, की बायकोच्याच नावानं करावं? कुणी केलं असेल तर सांगा.