कल्चरला विरजण म्हणावं का?

अनुवादछंदी
आठवीच्या मुलांसाठी एक छोटी पुस्तिका मराठीत आणते आहे. विषय आहे सूक्ष्मजीवांच्या प्रयोगशाळेतली उपकरणं. परीक्षानळी, चंचुपात्र, नरसाळं, सूक्ष्मदर्शक इथवर काही अडलं नाही, शाळेत शिकलेले शब्द कामी आले. पेट्री डिशची पेट्री बशी केली. अडलं ते एका साध्या वाक्यावर: 'इनॉक्युलेट द मीडियम विथ द कल्चर अँड इन्क्युबेट ओव्हरनाइट.' म्हणजे जीवाणूंना वाढायला जे पोषण देतात त्यात (मीडियम) आधी वाढवलेले जीवाणू (कल्चर) घाला आणि रात्रभर उबेला ठेवा.

मी लिहिलं, 'माध्यमाला विरजण लावा आणि रात्रभर उबेला ठेवा.' तपासणाऱ्यांनी ते खोडून 'माध्यमात संवर्धाचे संरोपण करून रात्रभर उष्मायन करावे' असं केलं. भाचीला, जी स्वतः आठवीत आहे, दोन्ही वाक्यं वाचून दाखवली. संरोपण ऐकून तिनं विचारलं, "रोप लावायचंय का?" आणि माध्यम म्हटल्यावर तिला मराठी माध्यम आठवलं.

दोन प्रश्न आहेत. कल्चरला विरजण म्हणणं चूक आहे का? आणि तारेच्या टोकाला बारीक कडं असतं, ज्यानं जीवाणू उचलून बशीवर ओढतात, त्या लूपला काय म्हणू?

शब्दवेल्हाळ
तपासणाऱ्यांचं बरोबर आहे. 'तापमापक' आणि 'सूक्ष्मदर्शक' हे शब्दही पहिल्यांदा ऐकणाऱ्याला जडच वाटले असणार. वापरले गेले म्हणून रुळले. संवर्ध हा नेमका शब्द आहे, त्याला मुलांच्या कानावर पडू तर द्या. विरजण म्हटलं की दूध आलं, दही आलं आणि वर 'उत्साहावर विरजण पडलं' हेही आलं. शास्त्राच्या शब्दाला असं शेपूट नको.

टिपकागद
मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे यातलं काहीच कुणी म्हणत नाही. आम्ही म्हणतो: 'ब्लड कल्चर लावलं का?', 'प्लेट कुणी लावली?', 'ग्रोथ आली', 'ग्रोथ नाही'. नाम इंग्रजी आहे, पण क्रियापद बघा, 'लावणे'! विरजण लावतात, रोप लावतात, तसं कल्चर लावतात. हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. तेव्हा 'संरोपण करणे' ऐवजी सरळ 'लावणे' लिहा, कुणालाही कळेल.

विरजणाबद्दल मात्र माझी हरकत आहे, आणि ती शब्दवेल्हाळांची नाही. विरजण म्हणजे जे घालतो ते, म्हणजे सुरुवातीचा चमचाभर ऐवज. कल्चर म्हणजे तो ऐवजही, आणि त्यातून वाढून आलेली सगळी वाढही. लघवीचं कल्चर घ्या. ०.००१ मिलिलिटर लघवी उचलणाऱ्या मापाच्या लूपनं बशीवर रेघोट्या ओढतो, बशी ३७ अंशांवर ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी वसाहती, म्हणजे एकेका जीवाणूपासून वाढलेले ठिपके, मोजतो. १०० दिसल्या तर मिलिलिटरला १,००,००० जीवाणू होते असं धरतो. आता या रिपोर्टला 'लघवीचं विरजण' म्हणणार का? तिथे आम्ही काही विरजत नसतो, आत कोण आहे ते शोधत असतो.

दुसरं म्हणजे, घरचं विरजण ही अनेकांची मिसळ असते. प्रयोगशाळेत सगळा जीव एकच प्रकार वेगळा काढण्यात जातो. बशीवर एकाच जातीची सुटी वसाहत मिळावी म्हणून तर त्या रेघोट्या असतात.

माजघर
आमच्याकडे यवतमाळला विरजण कमी, मुरवण जास्त. 'मुरवण ठेवलंस का गं?' असं आई रोज रात्री विचारायची. अदमुरं दही हा शब्द सगळे वापरतात, पण त्यातलं 'मुरणं' कुणाच्या लक्षात येत नाही. अर्धवट मुरलेलं ते अदमुरं. मुरवणात वेळ आहे, वाट बघणं आहे. अनुवादछंदी, तुम्ही मुरवण लिहून बघा. त्याला 'उत्साहावर पडलं'ची जोडही नाही.

मुरवण संपलं तर आई दुधात हिरव्या मिरचीची देठं टाकायची. सकाळी दही पातळ लागायचं, पण लागायचं. टिपकागदताई, हे कसं होतं?

टिपकागद
माजघरताई, लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू पाना-देठांवर मुळातच असतात. कोमट दूध मिळालं की तेच वाढतात. म्हणजे देठ हेच तुमच्या आईंचं मुरवण. फक्त देठाबरोबर आणखी कोण आलंय हे आपल्याला ठाऊक नसतं, त्यामुळे दह्याची चव दरवेळी वेगळी. त्या दह्यातलं दही पुन्हा पुन्हा लावत गेलं की हळूहळू घडी बसते.

शब्दवेल्हाळ
मुरवण गोड शब्द आहे, पण मुरतं ते लोणचंही, मुरंबाही, आणि जमिनीत पाणीही. प्रयोगशाळेत काय मुरतं?

जुनंपानं
विरजणाला शास्त्रात जागा नाही म्हणणाऱ्यांनी मुंबईचा इतिहास बघावा. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा जीवाणूशास्त्रज्ञ हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या खोल्यांत लशीचं काम सुरू केलं आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. जीवाणू वाढवायला त्यांनी बकऱ्याच्या मांसाचा रस वापरला, म्हणजे गोमांस-डुकराच्या मांसावरून कुणाच्या मनात अढी राहू नये. त्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. प्लेगचे जीवाणू त्या थेंबांना धरून खाली झुंबरासारखे लोंबत वाढायचे. मधूनमधून पात्र हलवलं की झुंबर तुटून तळाशी बसायचं आणि वर नवं धरायचं. स्वयंपाकघर आणि प्रयोगशाळा यांच्यात इथे भिंत नव्हती. तूप चाललं, तर विरजण का चालू नये?

आणि जड शब्दांचं काय होतं तेही याच प्लेगनं दाखवलं. तेव्हा प्लेगला 'ग्रंथिक सन्निपात' हा शब्द योजला गेला. अर्थ अगदी नेमका, गाठी येणारा ताप. आज तो कुणाच्या तोंडी आहे? लोक तेव्हाही प्लेग म्हणत होते, आजही प्लेगच म्हणतात. त्याउलट 'लस' बघा. जखमेतून पाझरणारा चिकट द्रव तो लस, हा घरातला शब्द. तोच लसीकरणाला मिळाला आणि पक्का बसला.

शब्दवेल्हाळ
एक शब्द टिकला नाही म्हणून परिभाषाच नको, हा न्याय मला पटत नाही. 'विषाणू' टिकला की! कोरोनाच्या काळात गावोगावच्या फलकांवर होता. तोही घडवलेलाच शब्द आहे.

बांधावरचा
राम राम. निफाडकडचा शेतकरी आहे. तुमचा कल्चर शब्द आमच्याकडे बांधावर कधीच पोचलाय. हरभऱ्याला रायझोबियम (मुळांवरच्या गाठींत राहणारे उपयोगी जीवाणू) लावतो, १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून. पाकिटावर 'जिवाणू संवर्धक' असं लिहिलेलं असतं. कृषी केंद्रात माणूस मागतो 'कल्चर', दुकानदार देतो संवर्धक, दोघांनाही कळतं. म्हणजे संवर्ध अगदीच परका नाही. आमच्याकडेही क्रियापद 'लावणे' किंवा 'चोळणे'. संरोपण कुणी करत नाही.

शब्दवेल्हाळ
तुमच्या अनुभवानं संवर्धाला आधार मिळाला, आभार. एक दुरुस्ती: जीव + अणू म्हणून 'जीवाणू', जी दीर्घ.

बांधावरचा
पाकिटावर ऱ्हस्व असतो.

शब्दवेल्हाळ
पाकिटावरचं व्याकरण प्रमाण मानायचं का? तत्सम शब्दाचा पहिला इकार मुळाप्रमाणेच ठेवायचा.

जुनंपानं
पण 'जीव'चं 'जिवाला', 'जिवाचा', 'जिवापाड' होतं ना? मराठीच्या जिभेला पुढे 'वा' आला की 'जि' ऱ्हस्व करायची सवय आहे. जिवाणू त्याच वळणावर गेला. मला तो चुकीचा वाटत नाही.

शब्दवेल्हाळ
ते सामान्यरूप आहे, सामासिक शब्द नव्हे. 'जीवामृत'ला तुम्ही 'जिवामृत' लिहिता का?

बांधावरचा
लिहिणारे आहेत.

अनुवादछंदी
ऱ्हस्व-दीर्घाचा निकाल मी पुस्तिकेत पहिल्या पानावर लावून टाकेन. 'लावणे' मला पटलं, टिपकागदताईंचे आभार. आता माध्यमाचं बोलू. 'अगार माध्यम' लिहिलं तर मुलांना अगारच खाऊ वाटतो.

टिपकागद
आणि तिथेच चूक होते. बहुतेक जीवाणूंना अगार पचतच नाही, म्हणून तर तो उपयोगी. तो फक्त घट्टपणा देतो, खाऊ त्यात आपण वेगळा मिसळतो. जर्मन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत आधी जिलेटिन वापरत. ते उबेला ठेवलं की पातळ होई, आणि काही जीवाणू ते पचवूनही टाकत. १८८१ साली तिथलेच संशोधक वॉल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी अगार सुचवला. जावामध्ये राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून त्यांना तो कळला होता आणि त्या स्वयंपाकात वापरत. तो वितळायला जवळपास उकळतं पाणी लागतं, पण एकदा घट्ट झाला की ३७ अंशांवर तसाच राहतो. कॉखनी १८८२च्या क्षयरोगाच्या निबंधात अगारचा उल्लेख केला, फॅनीबाईंचा नाही. पुस्तिकेत एका ओळीत तरी त्यांचं नाव घाला, हा माझा आग्रह आहे.

माजघर
हा अगार म्हणजे आपला चायना ग्रासच ना? दुधात घालून वड्या पाडतात तो. मग तसंच लिहा की. आणि जिलेटिन म्हणजे सरस.

अनुवादछंदी
फॅनीबाई नक्की येतील. चायना ग्रास कंसात नाही, वाक्यातच घेते. जिलेटिनला मात्र सरस म्हटलं तर सुताराचा सरस डोळ्यांपुढे येतो.

मांडवीकाठ
पणजीहून. 'माध्यम' सोडून 'पोषक रस' का नाही? घट्ट असेल तर 'पोषक वडी'. आमच्याकडे सान्नां (तांदळाच्या इडल्या) फुगवायला माडाची सूर, म्हणजे माडी, घालत, जुने पोदेर (पाववाले) देखील पावाच्या पिठाला सूरच लावत. यीस्टचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, पण किती सूर, किती वेळ, पावसाळ्यात किती जास्त, हे सगळं ठाऊक होतं. खमीर, विरजण, मुरवण, सूर. शब्द इतके आहेत, तरी आपण संस्कृतकडे धावतो.

'उष्मायन'बद्दलही सांगतो. 'उबेला ठेवा' इतकं स्वच्छ दुसरं काही नाही. अंडी उबवतात, दही उबेला ठेवतात, आणि कमी दिवसांच्या बाळाला 'पेटीत ठेवलंय' म्हणतात. इन्क्युबेटर हे यंत्र म्हणजे 'ऊबपेटी'.

टिपकागद
ऊबपेटी मला फार आवडला. ३७ अंश हा आकडा बाजूला लिहिला की नेमकेपणाही जात नाही.

शब्दवेल्हाळ
ऊबपेटी मान्य. पण रोगाच्या 'इन्क्युबेशन पिरियड'ला, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतच्या काळाला, काय करणार? तिथे 'परिपाककाळ' म्हणावं लागेल, आणि मग एकाच इंग्रजी शब्दाला दोन मराठी शब्द झाले.

मांडवीकाठ
होऊ देत. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इंग्रजीनं एकाच शब्दात कोंबल्या.

जुनंपानं
अनुवादछंदी, तुम्ही 'सूक्ष्मदर्शक' न अडखळता लिहिलात, पण बोलताना लोक काय म्हणतात? दुर्बीण! पोटाला बारीक भोकं पाडून केलेली शस्त्रक्रियाही 'दुर्बिणीतून ऑपरेशन' होते. फारसीत दूर म्हणजे लांब आणि बीन म्हणजे बघणारं. लांबचं बघायच्या यंत्राला आपण पोटात उतरवलं. याच भाषेत सूक्ष्मदर्शकाला 'खुर्दबीन' आहे, उर्दूतही चालतो. खुर्द म्हणजे लहान. हा शब्द मराठी माणसाला परका कसा? वडगाव खुर्द, वडगाव बुद्रुक आपण रोज म्हणतो. दुर्बीण घेतली, तिची धाकटी बहीण तेवढी मागे राहिली.

शब्दवेल्हाळ
सूक्ष्मदर्शक पूर्ण रुळलेला असताना खुर्दबीन आणायची गरज काय? इथे 'वापर हाच प्रमाण' हे तुमचंच तत्त्व तुम्ही सोडताय.

जुनंपानं
आणा म्हणत नाही, आठवण ठेवा म्हणतो.

माजघर
आमच्या तालुक्यात खुर्द गाव बुद्रुकपेक्षा मोठं आहे. मग लहान कसं?

जुनंपानं
नाव पडलं तेव्हा लहान असेल. पुढे रस्ता, बाजार, धरण कशामुळेही वाढतं. नावं मागेच राहतात.

अनुवादछंदी
लूप राहिलाच. तार नायक्रोमची, टोकाला कडं, ज्योतीत लाल होईपर्यंत धरायची, निवू द्यायची, मग वसाहतीला टेकवायची. 'तारकडी' कसा वाटतो?

टिपकागद
तारकडी छान आहे, पण आम्ही लूपच म्हणू.

बांधावरचा
माझी एक शंका आहे, ती विरजणाचीच आहे. जीवामृत करताना २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, आणि शेवटी मूठभर बांधाची माती टाकतो. गूळ-बेसन हा खाऊ झाला. ती मूठभर माती कोण? आमचे वडील म्हणायचे, 'माती म्हणजे त्याचं विरजण.' टिपकागदताई, तुमच्या हिशेबानं हे बरोबर की चूक?

टिपकागद
अगदी बरोबर. घालतो तो ऐवज म्हणजे विरजण. शेणही विरजणच आहे खरं तर, त्यात जीवाणू मातीपेक्षा कमी नसतात.

शब्दवेल्हाळ
मला पटत नाही. दही लावायला दहीच लागतं, जे हवं त्याचाच थेंब. माती घालून तुम्हाला माती नको असते. विरजणात जिनसाला जिन्नस मिळायला हवा.

माजघर
मग माझ्या आईची मिरचीची देठं?