गवळाऊ गोऱ्हा आणि कालवडी पैदाशीसाठी विकायच्या आहेत, भाव कसा मिळेल?

कोरडवाहू_आर्वी:
पाच एकर कोरडवाहू. दावणीला चार गवळाऊ (विदर्भातली देशी जात) गाई, दोन कालवडी (एक दोन वर्षांची, एक सव्वा) आणि एक गोऱ्हा, अजून अदात (दुधाचे दात न पडलेला). बाजारात दलाल सगळ्यांना ‘गावठी’ म्हणून एकच भाव सांगतात. पैदाशीची जनावरं म्हणून विकायची तर कागद काय लागतात? गोऱ्हा ठेचावा (खच्ची करावा) की वळू म्हणून ठेवावा?

वहीवाला:
पुरावा दाखवला नाही तर दलाल गावठीच म्हणणार. गवळाऊ गाय एका वेताला सरासरी ६०० लिटरच्या आसपास दूध देते, त्यामुळे गिऱ्हाईक पैसे मोजतं ते वंशाचे. वंश म्हणजे जन्मतारीख, आईचं दूध आणि बापाचा नंबर. एवढं वहीत पाहिजे.

दूध महिन्यातून एक दिवस मोजा. आदल्या संध्याकाळी गाय पूर्ण रिकामी करायची, मग दुसऱ्या दिवशीची सकाळ आणि संध्याकाळ. वासराशिवाय गाय पान्हा सोडत नसेल तर एका बाजूचे दोन सड पिळा, दुसरी बाजू वासराला सोडा आणि आकडा दुप्पट करा. मागचे दोन सड पिळून दुप्पट करू नका. मागच्या सडांत दूध जास्त असतं, आकडा फुगतो आणि जाणकार गिऱ्हाईक स्वतः पिळून पाहतं.

बापाचा नंबर कृत्रिम रेतनाच्या वीर्याच्या कांडीवर छापलेला असतो. रिकामी कांडी वहीत चिकटवून ठेवा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा (रेतन करून घ्या), संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. त्याच माजात गावातला मोकाट वळू गाईवर गेला तर बापाचा रकाना कोरा सोडा, अंदाजाने भरू नका. दवाखान्यात गवळाऊच्या कांड्या नेहमी असतातच असं नाही, आधी सांगून ठेवावं लागतं. कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर वहीच्या प्रत्येक पानावर हवा.

पटाचा_नाद:
गोऱ्ह्याचं सांगतो. सगळेच वळू ठेवाले जाऊ नोका. आधी त्याले उभा करून पाहा: तोंड लांबोडकं, कपाळ मागं झुकलेलं, डोळे बदामी, शिंगं आखूड, बोथट अन् मागं वळलेली. लांब टोकदार शिंगं दिसली त गिऱ्हाईक खिलार या दुसऱ्या जातीचा अंश हाय म्हणून भाव पाडते. बेंबीखालची कातडी लोंबती नसावी, दोन्ही गोळ्या सारख्या पायजेत. यातलं एक जरी चुकलं त ठेचा अन् बैल करा. ठेचाचं काम हिवाळ्यात, माश्या कमी असताना, डॉक्टरच्या चिमट्यानं.

बैल करायचा असन त जोडी लावा. उंची मिळती असलेली, डाव्या-उजव्या अंगाले शिकवलेली जोडी दोन सुट्या बैलांपेक्षा जास्त देते. विकाची वेळ पेरणीआधी, एप्रिल-मे. पोळ्यापर्यंत थांबाल त पेरणी झालेली असते, फक्त झुलीची हौस उरते.

वळू ठेवला त सरकीची ढेप हात राखून द्या. सरकीतल्या विषारी अंशानं वीर्य खराब होते. त्यापेक्षा तुरीची चुनी (डाळीचा चुरा) दीड-दोन किलो, कुटार (मळणीचा भुसा) पोटभर, खनिज मिश्रण ३० ग्रॅम, मीठ तेवढंच. अन् त्याच्याच बहिणींवर सोडू नोका.

दवाखाना_रोड:
कागदांत लोक बहुतेक ब्रुसेलाला (गर्भ पाडणारा सांसर्गिक रोग) अडखळतात. त्याची लस फक्त कालवडींना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच देतात. गोऱ्ह्याला देत नाहीत, गोळ्या सुजतात. अडचण अशी की लस टोचलेली कालवड नंतर रक्त तपासणीत कधी कधी रोगी दिसते. म्हणून लस दिल्याची तारीख बिल्ल्याच्या नंबरावर नोंदवून घ्या, नाहीतर चांगला सौदा फिस्कटतो. गोऱ्हा वळू म्हणून विकायचा तर ब्रुसेला आणि क्षयरोग या दोन्ही तपासण्या करूनच विका.

व्यवहाराच्या दिवशी पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला, बाजारातली सौदा पावती, घेणाऱ्याच्या सातबाऱ्याची नक्कल. बिल्ल्यावरचं मालकाचं नाव दवाखान्यातून त्याच्या नावावर चढवून घ्या. गाडी रस्त्यात अडवली तर हेच कागद उपयोगी पडतात. राज्यात २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हणून शेतीसाठी नेलेल्या जनावराचीही कसून विचारपूस होते.

कोरडवाहू_आर्वी:
दोन वर्षांची कालवड रिकामी विकू की गाभण?

वहीवाला:
गाभण. पण आधी वजन काढा: छातीचा घेर इंचात, घेर गुणिले घेर गुणिले खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, भागिले ६६०. घेर ५६ आणि लांबी ४६ असेल तर साधारण २१८ किलो येतं. २०० च्या खाली असेल तर भरवू नका, विताना अडते आणि पुढे दूधही कमी देते. भरवल्यावर २१ दिवसांनी माज पुन्हा येतो का बघा, तीन महिन्यांनी डॉक्टरकडून तपासा आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात विका. सातव्यानंतर गाडीत चढवू नका, गर्भ पडू शकतो.

सव्वा वर्षाचीची आई जास्त दुधाची असेल तर तिला विकू नका. दलाल आधी तिलाच मागेल.